लांब इंग्रजी शब्दाचे तुकडे नेमके कुठं पाडायचे?

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री ९:५०

मी शिवाजी पेठेत आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. बहुतेक मुलं सेमी इंग्लिशची. इतिहास-भूगोल मराठीतून, गणित-विज्ञान इंग्रजीतून. गेल्या गुरुवारी आठवीतली एक मुलगी विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. वॉटर, लीफ, सनलाइट, सगळं नीट चाललं होतं. फोटोसिंथेसिस आला आणि ती थांबली. बोट शब्दाखाली तसंच. मग पुटपुटायला लागली, "पी-एच-ओ-टी-ओ-एस-वाय…" निम्म्यावर गेली की सुरुवातीची अक्षरं निसटायची, की परत पीपासून.

मला माझी पाचवी आठवली. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. ब्यूटिफुलचं स्पेलिंग चुकलं म्हणून शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर परत चुकलं. हा शब्द म्हणजे ब्यूटीला फुल जोडलेलं आहे, जोडताना वायचा आय होतो आणि फुलमधला एक एल गळतो, एवढंच मला कुणी सांगितलं असतं तर एकदा लिहून भागलं असतं. त्या वहीची मला आजही चीड येते.

म्हणून त्या मुलीच्या पुस्तकावर मी तळहात ठेवला. फक्त पहिली पाच अक्षरं उघडी ठेवली. "फोटो!" ती लगेच म्हणाली. फोटो म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, चित्र. मी सांगितलं, मूळ ग्रीकमध्ये प्रकाश. फोटोग्राफ म्हणजे प्रकाशानं रेखलेलं. हात थोडा सरकवला. सिन् म्हणजे एकत्र. आणखी सरकवला. थेसिस म्हणजे ठेवणं, मांडणं. "आता याला मराठीत काय म्हणतात?" प्रकाशसंश्लेषण तिला पाठच होता, पण आजवर अखंड पाठ होता. तिनं बोटांवर मोजलं: प्रकाश, सं, श्लेषण. इकडं तीन, तिकडं तीन, क्रमही तोच. "बाई, आपला शब्द त्यावरूनच बनवलाय!" असं म्हणून ती जी खुलली, ती सुटताना जिन्यावरसुद्धा तेच बोलत होती.

आता प्रश्न. तुकडे दोन तऱ्हेनं पडतात. उच्चाराचे पाडले तर फो-टो-सिन्-थ-सिस असे पाच, अर्थाचे पाडले तर तीन. काही शब्दांत तर दोन्हींची भांडणं आहेत. हेलिकॉप्टर आपण हे-लि-कॉप्-टर म्हणतो, पण अर्थाचा सांधा आहे हेलिको आणि प्टर यांच्यामध्ये. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं गिरकी घेणारं, प्टर म्हणजे पंख. मुलांना दोन्ही एकदम दिलं की गोंधळतात. मी आधी अर्थाचे तुकडे सोलून काढते आणि उरलेला गाभा उच्चारानं वाचायला लावते. तुम्ही काय करता?

गगनबावड्याचा मास्तर · सोमवार, रात्री १०:३५

ताई, आठवीला तुमची रीत चालेल. माझी मुलं तिसरी-चौथीची, त्यांच्याकडं ग्रीक-लॅटिन घेऊन जाता येत नाही. मी उच्चारापासून सुरुवात करतो.

हनुवटीखाली आडवा हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. जबडा जितक्या वेळा हाताला लागेल तितके तुकडे. नॅप-किन, दोनदा. रिमेंबर, तीनदा. मुलांना हे फार आवडतं, वर्गात सगळे हनुवटीला हात लावून बसलेले असतात. प्रत्येक तुकड्यात एक स्वराचा आवाज हवाच, हे त्यांना शरीरानंच कळतं.

मग वाचताना दोन गोष्टी सांगतो. दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असली तर बहुधा त्यांच्या मधून कापायचं: पिक-निक, रॅब-बिट. एकच व्यंजन असलं तर आधी ते पुढच्या तुकड्याला द्यायचं आणि पहिला स्वर लांब म्हणून बघायचा: टाय-गर, रो-बॉट. ओळखीचा शब्द झाला नाही तर व्यंजन मागं घ्यायचं आणि स्वर आखूड करायचा: लेम्-अन, कॅब-इन. 'बघायचं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. इंग्रजीत इथं ठाम नियम नाही, दोन्ही करून कानाला विचारावं लागतं. मुलाला ते आधीच सांगितलं की पहिला प्रयत्न फसल्यावर ते खचत नाही.

एक अडचण मात्र आपल्या लिपीची आहे. आपली मुलं जोडाक्षर फोडत नाहीत. पुस्तक हा शब्द पाटीवर पु-स्त-क असा दिसतो, म्हणून नॅपकिन ती नॅ-प्कि-न असा फोडतात.

व्याकरणवेडी · मंगळवार, सकाळी ६:१५

सर, शेवटचा मुद्दा फार मोलाचा काढलात. मी हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवून निवृत्त झाले, म्हणून थोडं लिहिते. लिहिताना पु-स्त-क असलं तरी तोंडानं आपण पुस्-तक असंच म्हणतो. वृत्तात लघु-गुरू लावताना पु हा गुरू धरतात तो याचमुळं: पुढच्या जोडाक्षरातला अर्धा स् मागच्या अक्षरावर येऊन आदळतो. मुलांना वृत्त शिकवताना टाळी वाजवून घेतो ना, तीच टाळी इंग्रजीला लावा. ज्याला पुस्-तक ऐकू आलं, त्याला नॅप-किन ऐकू येतंच.

आणि ताई, तुमच्या अर्थाच्या तुकड्यांबद्दल. आपल्या मुलांना उपसर्ग, प्रत्यय आणि संधी मराठीच्या तासाला शिकवलेले असतात. इंग्रजीच्या तासाला ते सामान दाराबाहेर ठेवायला का लावतात, हे मला कधी समजलं नाही. उत् अधिक लेख, उल्लेख. त् पुढच्या ल्‌मध्ये मिसळून गेला. आता इन् अधिक लीगल बघा: इल्लीगल, स्पेलिंगमध्ये दोन एल. इन् अधिक रेग्युलर, इर्रेग्युलर, दोन आर. इन् अधिक पॉसिबल, इम्पॉसिबल, कारण प ओठांनी म्हणायचा म्हणून न्‌सुद्धा ओठांवर येऊन म् झाला. आपण संपूर्णमध्ये अनुस्वाराचा उच्चार म् करतो आणि संतोषमध्ये न्, तसंच. इल्लीगलला दोन एल का, हे एकदा संधी म्हणून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

माझं आवडतं उदाहरण भूगोलातलं आहे. पेनिन्सुला. लॅटिनमध्ये पेने म्हणजे जवळजवळ आणि इन्सुला म्हणजे बेट. आपला शब्द द्वीपकल्प. हा कल्प म्हणजे युग किंवा कल्पना नव्हे. पाणिनीनं सांगितलेला हा तद्धित प्रत्यय आहे, 'त्याहून थोडं कमी, जवळजवळ तसं' या अर्थाचा. द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट. किती वर्षं हा शब्द मी नकाशावर नुसता वाचत होते.

उजळाईवाडी · मंगळवार, सकाळी ८:०५

बाई, द्वीपकल्पाचं मलाबी आज कळलं. माझा पोरगा पाचवीला आहे, सेमीला घातलाय. आम्ही दोघंबी मराठी शाळेतली. अभ्यासाला बसला की लांब शब्द दिसल्या दिसल्या माझ्या तोंडाकडं बघतंय आणि मी त्याच्या तोंडाकडं. काल 'अनफॉर्च्युनेटली' आला. मला अर्थ माहीत आहे, वाचताबी येतंय, पण फोडून कसं सांगायचं ते सुचंना. सांगा की कुणीतरी.

रंकाळाकाठ · मंगळवार, दुपारी २:२०

दादा, याच्यासाठी मी घरात काय करते ते सांगते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शब्द मोठ्या अक्षरात लिहायचा आणि कात्री मुलाच्या हातात द्यायची. कुठं कापायचं ते त्यानंच ठरवायचं.

अनफॉर्च्युनेटलीत सुरुवातीचा अन ओळखीचा निघेल, अनहॅपीतला. तो कापायचा. शेवटचा ली स्लोली, क्विकलीतला, तोही कापायचा. उरला फॉर्च्युनेट. त्यात फॉर्च्युन, म्हणजे दैव, नशीब. मध्ये एट हा जोडणीचा तुकडा राहिला. आता शेजारी मराठी शब्द लिहा: दुर्दैवाने. दुर् अन्‌च्या जागी, दैव फॉर्च्युनच्या जागी, आणि शेवटचं 'ने' एल-वायच्या जागी. त्याला दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवू द्या.

हे झाल्यावर मग मास्तरांचा हनुवटीखालचा हात: अन्-फॉर्-च्यु-नट्-ली, पाचदा. एट लिहिलेलं असलं तरी बोलताना त्याचा नट् होतो, हे तिथं सांगायचं. लिहिताना तुकडा एट म्हणूनच आठवायचा, म्हणजे स्पेलिंग चुकत नाही.

कापलेले तुकडे फेकू नका. आमच्याकडं ते बिस्किटांच्या डब्यात जमतात. नवीन शब्द आला की मुलं आधी डबा उपसतात.

पंचगंगा घाट · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळ्यांचा उत्साह पटतो, पण मी भाषांतराची कामं करतो आणि या कात्रीनं झालेले घोटाळे रोज बघतो. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

शेफर्ड. आपण सगळे जर्मन शेफर्ड म्हणतो. पी आणि एच शेजारी दिसले की फ, हा नियम मुलाला शिकवलेला असतो. पण तो शब्द आहे शीप आणि हर्ड, मेंढ्या आणि त्यांना राखणारा. पी एका तुकड्यातला, एच दुसऱ्यातला, खरा उच्चार शेपर्ड. आयलंडमध्ये लँड आहे, ते खरं, पण सुरुवातीच्या आय-एसमध्ये इज नाही. तो एस जुन्या इंग्रजी शब्दात नव्हताच, आइल या दुसऱ्या शब्दाकडं बघून पुढं घुसवला गेला. हॅम्बर्गरमध्ये हॅम नाही, हॅम्बुर्ग शहर आहे. ट्रान्सपेरंटमध्ये आईबाप नाहीत.

हे वाचनापुरतं झालं. हायवेवर टँकरच्या मागे लिहिलेलं असतं, हायली इन्फ्लेमेबल. इन् म्हणजे नाही, हे ज्यानं पाठ केलंय तो वाचणार 'न पेटणारं'. खरा अर्थ बरोबर उलटा. इथला इन् नकाराचा नाही, फ्लेममध्ये घालणारा, पेटवणारा आहे. अर्धवट ज्ञानानं इथं जीव जाऊ शकतो. मुलांना तुकडे शिकवा, पण आधी कोश उघडायला शिकवा.

आणि आपल्या गावाचंच नाव घ्या की. को-ल्हा-पूर, उच्चाराचे तीन तुकडे. अर्थाचे पाड म्हटलं तर बाहेरगावचं पोर सांगतं, कोल्ह्यांचं गाव. पूर म्हणजे नगर, हे बरोबर. पण इथल्या परंपरेतली कथा कोल्ह्याची नाही, देवीनं मारलेल्या कोल्हासुराची आहे. तुकडा ओळखीचा दिसला म्हणून तो तोच असतो असं नाही.

रंकाळाकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

दादा, टँकरचं उदाहरण मी उद्याच वर्गात सांगणार आहे. तुमचं बरोबर आहे आणि मी ते सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पण तरीही मी कात्री सोडणार नाही. माझ्याकडं मुलं तुकडा कापल्यावर दोन प्रश्न विचारतात. उरलेला भाग आणखी कुठल्या शब्दात भेटतो का? आणि जोडलेला अर्थ वाक्यात बसतो का? अंकलमधून अन कापला तर उरलेलं कुठंच भेटत नाही, म्हणजे कापायची जागा चुकली. ट्रान्सपेरंटमध्ये पेरंट भेटतो, पण काचेच्या वाक्यात आईबाप बसत नाहीत. मग कोश उघडायचा. तिथं कळतं की हा पेरंट 'दिसणे' या अर्थाचा आहे, अपिअर आणि अपॅरंट त्याचे भाऊ. ट्रान्स म्हणजे पार. पार दिसणारं ते पारदर्शक. बघा, चुकीच्या तुकड्यानंच मुलाला कोशाजवळ नेलं. नुसतं 'कोश बघ' म्हटलं असतं तर कुणी उठलं नसतं.

ट्रान्सचं आणखी एक. आमच्या दारावरून केएमटीची बस जाते. टीचा पूर्ण शब्द ट्रान्सपोर्ट, पार वाहून नेणं. त्या पोर्टवरून मुलांनी परवा पोर्टर काढला, ओझं वाहणारा हमाल. मग इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट, आत वाहणं आणि बाहेर वाहणं. आपले आयात आणि निर्यात पण तसेच, आ आणि निर् बदलला की दिशा बदलली. गुळाचा व्यापार असलेल्या घरातला एक मुलगा आहे, त्याच्या घरी हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात. तो म्हणाला, बाई, मला हे फोडता येतात हेच माहीत नव्हतं.

रात्रपाळी · बुधवार, पहाटे ४:३०

मी परिचारिका आहे. आमचं सगळं कामच या तुकड्यांवर चालतं, म्हणून राहवलं नाही.

शिकायला आले तेव्हा मी बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. पहिल्या महिन्यात ऑपरेशनची यादी हातात आली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग एका सिनिअर सिस्टरनी कागदाच्या चिठोऱ्यावर चार शेपट्या लिहून दिल्या. शेवटी आयटिस असेल तर दाह, सूज. टॉमी असेल तर छेद देणं. एक्टॉमी असेल तर कापून काढून टाकणं. ऑस्टॉमी असेल तर बाहेर तोंड काढून देणं. शब्दाचं डोकं सांगतं अवयव कुठला, शेपटी सांगते काय करायचं. अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सला सूज, अपेंडेक्टॉमी म्हणजे ते काढणं. तो चिठोरा मी अजून पाकिटात ठेवलाय.

एक चूक सांगते. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. नवी असताना घाईत मी फोनवर एक ऐकलं आणि दुसरं लिहिलं. वरच्या सिस्टरनी शुगरचा आकडा बघून लगेच पकडलं, रुग्णाला काही झालं नाही, पण त्या रात्री माझे हात थरथरत होते. तेव्हापासून मी हायपो आणि हायपर कधीही नुसतं म्हणत नाही, सोबत 'कमी' किंवा 'जास्त' म्हणते. नव्या मुलींनाही तेच सांगते.

त्या टॉमीतला टॉम म्हणजे कापणं. अ‍ॅटममध्ये तोच आहे. अ म्हणजे न, टॉम म्हणजे कापणं. ज्याला कापता येत नाही तो अ‍ॅटम.

व्याकरणवेडी · बुधवार, सकाळी ६:४०

सिस्टर, तुमचा अ आणि आपल्या अशक्य, अखंडमधला अ हे एकाच मुळाचे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत यांचा उगम एक असावा, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं. मुलांना दाखवायचं तर महिने घ्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सातवा, आठवा, नववा, दहावा. आपल्या पंचगंगेतला पंच पेंटॅगॉनमध्ये बसलाय.

शिरोलीचा मोल्डर · बुधवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी फाउंड्रीत आहे, शिरोली एमआयडीसीत. माझ्या पुतण्यानं मला एक शब्द दाखवला होता, इंग्रजीतला सगळ्यात लांब म्हणून. मोजून ४५ अक्षरं. म्हणाला, काका, हा कुणाला वाचताच येणार नाही. हा धागा वाचून काल रात्री आम्ही दोघांनी तो फोडला.

न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्कॅनो, कोनि, ओसिस. फुप्फुस, पलीकडचं, सूक्ष्मदर्शकातून दिसणारं, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. पुतण्यानं शोधलं तर हा शब्द १९३५ च्या सुमाराला कोड्यांच्या शौकिनांनी लांबीसाठी मुद्दाम बनवलेला निघाला. डॉक्टर तो वापरत नाहीत.

पण त्यातला सिलिको वाचला आणि मी थांबलो. आमच्या मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका सँड. साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना तिची जी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सिलिका अधिक ओसिस. हा शब्द आमच्याकडं भिंतीवरच्या बोर्डावर इंग्रजीत लिहिलाय. कित्येक वर्षं मी त्याच्या खाली मास्क गळ्यात अडकवून उभा राहायचो. शेजारच्या पोरांना तो फोडून सांगितला आज. दोघांनी मास्क वर घेतला.

पुण्यातला कोल्हापुरी · बुधवार, रात्री ९:००

मोल्डर दादा, वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या.

एक छोटी भर. नोकरीत परदेशी लोकांशी बोलताना मला कळलं की तुकडे बरोबर पाडूनही समोरच्याला शब्द समजत नाही, कारण जोर चुकीच्या तुकड्यावर पडतो. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत एक तुकडा उचलून म्हणतात आणि बाकीचे दबतात. फोटोग्राफमध्ये जोर फोवर, फोटॉग्रफरमध्ये टॉवर, फोटोग्राफिकमध्ये ग्रावर. शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधीच्या तुकड्यावर जोर येतो. एज्युकेशनमध्ये के, अ‍ॅबिलिटीमध्ये बि. मास्तरांच्या हनुवटीच्या खेळात त्या तुकड्याला टेबलावर एक थाप द्यायला सांगा.

उजळाईवाडी · गुरुवार, सकाळी ७:५०

ताई, कात्रीचा प्रयोग केला. पोरानं अन कापला, ली कापला, फॉर्च्युन कापला. एटचा तुकडा हातात धरून म्हणालं, पप्पा, ह्यो कुणाचा? मी म्हटलं, ठेव डब्यात, मालक सापडंल. काल रात्री झोपायला गेल्यावर अंथरुणातनं ओरडलं, "पप्पा, चॉकलेटमधला एट तोच का?" काय सांगू?

रंकाळाकाठ · गुरुवार, सकाळी ८:१०

दादा, तो नाही. चॉकलेट मेक्सिकोकडून स्पॅनिशमधून आलेला अख्खा शब्द आहे, तो कात्रीनं फोडायचा नाही. पण त्याला लगेच 'नाही' म्हणू नका. दोन प्रश्न विचारायला लावा: एट काढून उरलेलं चॉकल कुठं भेटतं का? संध्याकाळी त्याला घेऊनच या आमच्याकडं. त्याच्या एटचे मालक माझ्या डब्यात आहेत, पॅशनेट आणि कन्सिडरेट. ते त्यालाच शोधू दे.